संवादाची पंगत आणि आपले पान

धर्माधर्मांत संवाद व्हावा, संस्कृतींनी एकमेकींना समजून घ्यावे, या म्हणण्याला विरोध करणारा माणूस एक तर माथेफिरू ठरतो, नाही तर दंगलखोर. त्यामुळे या शब्दाची चिकित्सा सहसा कोणी करीत नाही. साहित्यात 'सौंदर्य' आणि 'विश्वात्मकता' हे शब्द असेच पवित्र मानले गेले होते, आणि आम्ही त्यांना प्रश्न विचारताच आमच्या रसिकतेविषयी शंका घेतली गेली. 'संवाद' या शब्दाचेही तसेच काहीसे झाले आहे. गेली सव्वाशेहून अधिक वर्षे या शब्दाभोवती आंतरराष्ट्रीय पातळीवर परिषदा भरल्या, ठराव झाले, जाहीरनामे निघाले, केंद्रे उघडली. यांतले काही महत्त्वाचे दस्तऐवज मी एकापुढे एक ठेवून वाचले. दलित वाचक म्हणून ते वाचताना जे दिसले ते येथे मांडतो. संवाद हवा की नको, हा माझा प्रश्नच नाही. तो कोणाचा कोणाशी आणि कशाविषयी, एवढेच मला विचारायचे आहे.

सुरुवात २००१ या वर्षापासून करतो, कारण या वर्षात सगळे प्रकरण उघडे पडले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने नोव्हेंबर १९९८ मध्ये ठराव करून २००१ हे संस्कृतींमधील संवादाचे वर्ष म्हणून जाहीर केले. कल्पना इराणचे तेव्हाचे अध्यक्ष महंमद खातमी यांची. तिला पार्श्वभूमी होती सॅम्युएल हंटिंग्टन या अमेरिकन प्राध्यापकाच्या सिद्धान्ताची. यापुढचे संघर्ष विचारप्रणालींचे नसून संस्कृतींचे असतील, असे त्याने १९९३ मध्ये एका लेखात आणि १९९६ मध्ये ग्रंथात मांडले होते. खातमींनी त्याला उत्तर दिले की संस्कृतींनी झुंजू नये, बोलावे. उत्तर सभ्य आहे, आणि त्यामागचा हेतूही मी खोटा मानीत नाही. परंतु झुंज भाकीत करणारा आणि समेट सुचविणारा या दोघांचीही मूळ समजूत एकच आहे, इकडे फारसे लक्ष गेले नाही. दोघांनाही संस्कृती म्हणजे एक घर वाटते. घराला एक दार असते, दारात एक कर्ता पुरुष उभा असतो आणि तो सगळ्या घराच्या वतीने बोलतो. हंटिंग्टनच्या यादीत 'हिंदू संस्कृती' हा असाच एक अखंड गठ्ठा आहे. बौद्ध धर्म हा मोठा धर्म असला तरी तो कोणत्या मोठ्या संस्कृतीचा पाया झाला नाही, असेही त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे आम्हाला झुंजायलाही जागा नाही आणि बोलायलाही नाही! घराच्या मागल्या दाराशी, गावकुसाबाहेर जो उभा आहे, त्याने कोणत्या संस्कृतीच्या वतीने बोलायचे?

संवादवर्षाच्या तिसऱ्याच महिन्यात, मार्च २००१ मध्ये, तालिबानने बामियानच्या डोंगरात कोरलेल्या दोन प्रचंड बुद्धमूर्ती सुरुंग लावून उडवल्या. जगभर हळहळ व्यक्त झाली, आणि ती योग्यच होती. युनेस्कोने आधी विनवण्या केल्या, दूत पाठवला, मुसलमान देशांचे धर्मपंडितही समजूत घालायला गेले. दगडाच्या बुद्धासाठी जग असे कासावीस झाले. त्यानंतर पाचच महिन्यांनी दक्षिण आफ्रिकेत डर्बन येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली. ती ३१ ऑगस्टला सुरू झाली आणि ८ सप्टेंबरला संपली. बुद्धाच्या हाडामांसाच्या अनुयायांसह भारतातले कितीतरी दलित कार्यकर्ते तेथे आपली कैफियत घेऊन गेले होते. जन्म आणि व्यवसाय यांच्या आधारे होणाऱ्या भेदभावाचा उल्लेख परिषदेच्या घोषणापत्रात व्हावा, एवढीच त्यांची मागणी होती. मसुद्यात तसे कलम होते. अंतिम मजकुरात ते उरले नाही. भारत सरकारची भूमिका अशी होती की जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, आणि त्यासाठी आमची राज्यघटना समर्थ आहे.

या भूमिकेची थोडी चिकित्सा करतो, कारण ती निव्वळ सरकारी नव्हती. आंद्रे बेतेई यांच्यासारख्या मान्यवर समाजशास्त्रज्ञानेही जातीला वंशाच्या खात्यात घालणे शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे, असे त्या वेळी ठामपणे मांडले. शास्त्राचा मुद्दा मला मान्य आहे. मान्य असणारच, कारण जातीला वांशिक आधार नाही हे बाबासाहेबांनीच १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त सांगून ठेवले आहे. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत, मग त्यांच्यातली भिंत निसर्गाची कशी, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. त्यांनी जे जातीविरुद्ध हत्यार म्हणून वापरले, तेच डर्बनला जातीसाठी ढाल म्हणून वापरले गेले. आणखी एक गोष्ट आहे. वांशिक भेदभावाच्या उच्चाटनाचा आंतरराष्ट्रीय करार १९६५ चा. त्याच्या पहिल्याच कलमात वंश, वर्ण आणि राष्ट्रीय मूळ यांच्या जोडीला 'जन्मकुळ' या अर्थाचा शब्द आहे. हा शब्द घालण्याची सूचना कोणी केली होती? भारताच्याच शिष्टमंडळाने! १९९६ मध्ये कराराच्या समितीने भारताला सांगितले की त्या शब्दात जात येते. भारताने ते मानले नाही. २००२ मध्ये समितीने तेच सर्व देशांसाठी सर्वसाधारण शिफारस म्हणून नोंदवले. ज्याने दार बसवले त्यानेच त्याला आतून कडी लावली, असा हा प्रकार आहे.

डर्बन संपले आणि तिसऱ्या दिवशी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले. मग डर्बनची आठवण कोणाला राहणार! ९ नोव्हेंबर २००१ रोजी आमसभेने संस्कृतीसंवादाचा जागतिक कार्यक्रम मंजूर केला. त्यात समता, न्याय, सहिष्णुता, सर्वांचा सहभाग हे सगळे शब्द आहेत. विद्वान, कलावंत, तरुण, स्वयंसेवी संस्था अशा सर्वांना संवाद खुला असेल असेही आहे. पण एखाद्या संस्कृतीच्या आतल्या माणसाची त्या संस्कृतीविरुद्ध काही तक्रार असू शकते आणि संवादाची खरी गरज तेथेच आहे, या जाणिवेचा कार्यक्रमावर काही परिणाम झालेला दिसत नाही. एकाच वर्षी, एकाच संघटनेच्या छताखाली, एका सभागृहात संस्कृतींचे गुणगान झाले आणि दुसऱ्या सभागृहात त्या संस्कृतीने ज्यांना तुडवले त्यांचे कलम खोडले गेले. या दोन घटना एकमेकींपासून वेगळ्या वाचता येत नाहीत, असे माझे मत आहे.

मग संवादाने कधीच काही साधत नाही काय? साधते. आणि ते कसे साधते हे पाहण्यासाठी कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी संमत केलेले ख्रिस्तेतर धर्मांविषयीचे निवेदन वाचावे. निवेदन लहान आहे, पण त्याच्या पोटात दोन निराळी निवेदने आहेत असे मला वाटते. यहुद्यांविषयीच्या भागात चर्च स्वतःकडे वळून पाहते. ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सगळ्या यहुदी जातीच्या माथी मारण्याची शतकानुशतकांची शिकवण तेथे नाकारली आहे. हे आपोआप घडले नाही. ज्यूल इझाक नावाचा एक वृद्ध फ्रेंच इतिहासकार त्यामागे होता. त्याची बायको आणि मुलगी नाझींच्या छळछावणीत मारल्या गेल्या. ज्या द्वेषाने त्यांचा बळी घेतला, त्याची मुळे ख्रिस्ती धर्मशिक्षणात आहेत, हे त्याने पुरावे देऊन दाखवले. १९४७ मध्ये स्वित्झर्लंडात सीलिसबर्ग येथे यहुदी आणि ख्रिस्ती विचारवंतांची बैठक झाली, तीत तो होता. जून १९६० मध्ये, वयाच्या ऐंशीच्या पुढे, तो पोप तेविसाव्या जॉनला जाऊन भेटला. तुमच्या धर्माची थोरवी सांगा, असे तो म्हणाला नाही. तुम्ही आमच्याविषयी मुलांना काय शिकवता, हे त्याने विचारले. त्या प्रश्नाने परिषदेच्या विषयपत्रिकेत शिरकाव केला आणि दोन हजार वर्षांची एक शिकवण मागे घ्यावी लागली.

आता त्याच निवेदनातला हिंदू धर्माविषयीचा मजकूर पाहा. हिंदू माणूस दैवी रहस्याचे चिंतन करतो, कथांतून आणि तत्त्वज्ञानातून ते व्यक्त करतो, तप, ध्यान किंवा भक्ती यांच्या वाटेने मुक्ती शोधतो, अशा आशयाची दोन वाक्ये आहेत. झाले. खैरलांजीच्या किंवा किळवेनमणीच्या माणसाला या वाक्यांत आपला धर्म ओळखू येईल काय? शेवटच्या भागात वंश, वर्ण, सामाजिक स्थिती यांवरून होणारा भेदभाव सर्वसाधारणपणे निषिद्ध ठरवला आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण तो आणि हिंदू धर्म यांचा एकमेकांशी काही संबंध असल्याचे निवेदनाला ठाऊक नाही. कारण उघड आहे. यहुद्यांच्या बाजूने ज्याला जखम झाली तो बोलला होता. हिंदूंच्या बाबतीत ज्याने जखम केली त्याचे तत्त्वज्ञान वाचले गेले.

भारतातल्या ख्रिस्ती विचारवंतांनीही पुष्कळ काळ हेच केले. संवाद म्हणजे वेदान्ताशी संवाद, आश्रम, भगवी वस्त्रे, संस्कृत स्तोत्रे. चर्चमध्ये बाकांवर बसलेली बहुसंख्य माणसे पूर्वाश्रमीची अस्पृश्य, आणि त्यांचे धर्मशास्त्र मात्र शंकराचार्यांशी गुजगोष्टी करणारे! या विसंगतीवर बोट ठेवणारा माणूस महाराष्ट्राचा होता, याचा आपल्याला अभिमान वाटावा. अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगलोरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयातल्या व्याख्यानात ब्राह्मणी परंपरेशी चाललेल्या या सलगीला नकार दिला, आणि त्यातून पुढे दलित ख्रिस्ती धर्मशास्त्र उभे राहिले. आपल्या नियतकालिकांनी त्यांची जेवढी दखल घ्यायला हवी होती तेवढी घेतली असे मला वाटत नाही. भारतातल्या कॅथलिक धर्मगुरूंच्या परिषदेने आपल्या चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते हे २०१६ च्या धोरणपत्रात कबूल केले. निर्मळांच्या व्याख्यानानंतर पस्तीस वर्षांनी!

या सगळ्याचे मूळ म्हणून १८९३ च्या शिकागोच्या सर्वधर्म परिषदेकडे बोट दाखवले जाते. ११ सप्टेंबरला ती सुरू झाली. विवेकानंद, अनागारिक धम्मपाल, वीरचंद गांधी बोलले. मुंबईहून प्रार्थनासमाजाच्या वर्तुळातले नगरकर गेले होते. त्या भाषणांविषयी आपल्याकडे एवढे लिहिले गेले आहे की मी भर घालीत नाही. एवढेच नोंदवतो की ज्या जागतिक प्रदर्शनाचा ती परिषद भाग होती, त्याच प्रदर्शनात फ्रेडरिक डग्लस आणि आयडा वेल्स एक पुस्तिका वाटत होते. काळ्या अमेरिकनांना या प्रदर्शनात स्थान का नाही, हा तिचा विषय होता. स्वतः डग्लस, गुलामीतून पळून आलेला तो महापुरुष, प्रदर्शनात उभा होता तो हैती या परक्या देशाचा प्रतिनिधी म्हणून. त्याच्या स्वतःच्या देशाच्या दालनात त्याला जागा नव्हती.

शिकागोच्या वीस वर्षे आधी, १८७३ मध्ये, पुण्याच्या एका माळ्याने 'गुलामगिरी' लिहिली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. दोन खंडांतल्या दलितांचे दुःख एका वाक्यात जोडणारी ही अर्पणपत्रिका हा माझ्या मते आधुनिक भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय संवाद आहे. त्याला ना परिषद लागली, ना स्वागताध्यक्ष. आणि जोतीरावांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे. त्यातल्या बाईने बौद्ध धर्माचा ग्रंथ वाचून मर्जी असल्यास तो धर्म स्वीकारावा, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सत्यधर्मी व्हावे. आणि सर्वांनी एकमेकांचा हेवा न करता एका घरात प्रेमाने राहावे. शिकागोला जे धर्म आले ते आपापले प्रतिनिधी निवडून आले, आणि प्रत्येकजण आला तसाच परत गेला. जोतीरावांच्या घरात धर्म प्रतिनिधी पाठवत नाहीत. माणसे ग्रंथ उघडतात, वाचतात आणि निवडतात. त्यातही पहिली निवड बाईची आहे, हे विसरू नये. धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य ज्या संवादात नाही तो संवाद सोयरिकीच्या बैठकीसारखा असतो. मानपान होते, देणेघेणे ठरते, पण ज्या मुलीचे लग्न आहे तिला कोणी विचारीत नाही.

बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा हीच निवड एका समाजाच्या पातळीवर सुरू झाली. मुसलमान, शीख, ख्रिस्ती, बौद्ध अशा सर्वांची बोलावणी आली. एकवीस वर्षे हा माणूस धर्मांना प्रश्न विचारीत राहिला. तुमचा धर्म विवेकाला पटतो काय? स्वातंत्र्य, समता, बंधुता त्याला मान्य आहेत काय? तो दारिद्र्याला पावित्र्य देतो काय? १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या मासिकातल्या लेखात त्यांनी या कसोट्या मांडल्या आणि बुद्ध, येशू, महंमद व कृष्ण यांना शेजारी शेजारी ठेवून तोलले. तौलनिक धर्माभ्यासाचे प्राध्यापक अशा तुलनेला असभ्य मानतील. त्यांच्या शास्त्रात सर्व धर्म समान असतात. आम्हाला मात्र त्यांपैकी एकात जन्म काढावा लागतो.

१९३६ चे उदाहरण बोलके आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषण वाचले आणि परिषदच रद्द केली. त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. जुलैमध्ये गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर टीका केली, बाबासाहेबांनी तिला उत्तर दिले. त्याच जुलैमध्ये लंडनला फ्रान्सिस यंगहजबंड यांच्या पुढाकाराने जागतिक धर्मपरिषद भरली होती. हे गृहस्थ १९०३-०४ मध्ये तिबेटात ब्रिटिश फौजफाटा घेऊन शिरले होते. परिषदेत राधाकृष्णन बोलले. लंडनला झाला तो संवाद, आणि लाहोरला जो होऊ दिला नाही तो वाद! 'वाद' हा आपल्याकडे वाईट शब्द झाला आहे, पण गांधी-आंबेडकर यांच्या त्या लेखांत एकमेकांचे म्हणणे जेवढे गंभीरपणे घेतले आहे तेवढे मला परिषदांच्या अहवालांत आढळले नाही.

आपल्याकडच्या सर्वधर्म सभांना मीही गेलो आहे. व्यासपीठावर सहा-सात धर्मांची माणसे असतात, त्यात एखादे भन्तेजीही असतात. त्रिशरण-पंचशील होते, सगळे हात जोडतात. एका सभेत मी गावच्या पाणवठ्याचा विषय काढला, तर सूत्रसंचालक हसून म्हणाले की आज सामाजिक विषय नकोत. धर्माच्या सभेत पाणी हा सामाजिक विषय! चवदार तळ्याची आठवण त्यांना करून देण्यात अर्थ नव्हता.

अलीकडच्या संस्थांविषयी थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखे त्यात थोडेच आहे. २००५ मध्ये स्पेन आणि तुर्कस्तान यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांत संस्कृतींची आघाडी निघाली. २०१० मध्ये जॉर्डनच्या सूचनेवरून फेब्रुवारीचा पहिला आठवडा धर्मसलोख्याचा ठरला. सौदी अरेबिया, ऑस्ट्रिया आणि स्पेन यांनी २०१२ मध्ये व्हिएन्नाला संवादाचे एक केंद्र उघडले. २०२२ मध्ये ते लिस्बनला गेले. ज्या सौदी राज्याने त्याला पैसा पुरवला तेथे मुसलमानेतरांना उघडपणे उपासना करता येत नाही. परदेशात बोलण्यासाठी इमारत बांधायची आणि घरात तोंड उघडू द्यायचे नाही, हे धोरण कोणा एका धर्माची मिरास नाही, हे डर्बनवरून दिसलेच.

याउलट ज्या संवादाने आम्हाला काही दिले तो बहुधा कोणत्याही ठरावाशिवाय झाला. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना लहानसे पत्र लिहिले. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. ड्यू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिले. पत्रात संस्कृतीची स्तुती नाही, अर्जाची प्रत कशी मिळेल एवढाच व्यवहार आहे. १९७२ चे पँथर, निग्रो साहित्याची आपल्या नियतकालिकांतून झालेली चर्चा, जपानच्या बुराकू चळवळीने आपल्या माणसांशी जोडलेले नाते, हे सगळे त्याच पत्राच्या जातकुळीचे आहे.

राहता राहिले १९५६. युनेस्कोची नववी सर्वसाधारण परिषद त्या वर्षी दिल्लीत भरली, ५ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर. विज्ञान भवन आणि अशोका हॉटेल त्या निमित्ताने उभे राहिले. पूर्व आणि पश्चिम यांनी एकमेकांची सांस्कृतिक मूल्ये जाणावीत, यासाठीचा दहा वर्षांचा मोठा प्रकल्प या परिषदेने मंजूर केला. युनेस्कोच्या ग्रंथमालेत तुकोबा त्याच वर्षी फ्रेंचमध्ये गेले, पुढे 'ज्ञानेश्वरी' इंग्रजीत गेली. याचा मला आनंदच आहे. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षे झाली म्हणून त्याच नोव्हेंबरात दिल्लीत सरकारने युनेस्कोच्या सहकार्याने एक परिसंवाद भरवला. विषय होता बौद्ध धर्माने कला, साहित्य आणि तत्त्वज्ञान यांना दिलेली देणगी. समाजाला त्याने काय दिले, हा प्रश्न विषयाच्या चौकटीत बसला नाही. तो प्रश्न महिन्याभरापूर्वी, १४ ऑक्टोबरला, नागपूरच्या मैदानावर लाखो माणसांनी सोडवला होता. पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी केली की नागपूर पूर्वेत जाते, आणि पूर्वेच्या वतीने बोलणारे आधीच ठरलेले असतात.

बाबासाहेब त्या वेळी काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेत होते. कोलंबो आणि रंगून येथल्या परिषदांनाही ते गेले होते. २० नोव्हेंबरला ते बोलले ते बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांच्यावर. आजारी देहाने त्यांनी तेथे जमलेल्या भिक्खूंना आणि प्रतिनिधींना सांगितले की तरुण मार्क्सकडे का वळतात ते समजून घ्या आणि बुद्धाजवळ त्याचे कोणते उत्तर आहे ते शोधा. आपल्याच धर्माच्या मेळाव्यात त्यांनी धर्माला कामाला लावले. तेथून लुंबिनी, सारनाथ, कुशिनारा करून महिनाअखेरीस ते अलीपूर रोडवरच्या घरी परतले. युनेस्कोची परिषद अजून चालू होती. ५ डिसेंबरला ती संपली, तेव्हा ते त्या घरात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेवर काम करीत होते.